सोजराबाईनं सांगितलेला सिनेमा

देशमुखांच्या सरस्वतीबाईंनी जन्मात एकही सिनेमा पाहिला नव्हता, तरी सोनाळ्याच्या तंबूत आलेले सगळे सिनेमे त्यांना पाठ होते. देशमुखांच्या बायका बाजारात जात नसत, विहिरीवर जात नसत, मग तंबूत कुठून जाणार? महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पुढारी जीपगाडीतून येऊन धुरळा उडवून जात होते, पण देशमुखांच्या दाराचा पडदा होता तिथंच होता. म्हणून तंबू लागला की सरस्वतीबाई आपल्या सोजराबाईला सिनेमा पाहायला पाठवत आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात बसून तिच्या तोंडून तो ऐकत.

सोजराबाई त्या घरात भाकरी थापायला होती, दळायला होती, सारवायला होती. थोडक्यात म्हणजे होतीच. तिचा नवरा कडूबा तिथलाच सालदार. सोजराबाई सिनेमा सांगायला बसली की नुसती सांगत नसे. तलवारीच्या जागी उलथनं घ्यायची, घोडा आला की मांडीवर टापा वाजवायची, राणी रडली की पदराचा बोळा तोंडात धरायची. आणि ऐकता ऐकता सरस्वतीबाईंचे हात आपोआप चालू लागत. घोडा गावात पोचेपर्यंत वांग्यांचं अर्धं टोपलं चिरून व्हायचं, राजपुत्राचा गैरसमज मिटेस्तोवर लसूण सोलून संपायचा. हे सोजराबाईनं कधीचं हेरलं होतं. बोलली कोणाजवळ नव्हती, पण राजपुत्रांचे गैरसमज हल्ली ती जरा लांबवू लागली होती.

त्या वर्षी कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत तंबू आला. मशीन चालवणारा वहाब बैलगाडीवर भोंगा बांधून गावभर ओरडत गेला, “सरदाराच्या वाड्यातली दासी! मालकीण आन नोकरीण यांची दर्दभरी कहानी! रुमाल घेऊन या. दोन घेऊन या.”

सोजराबाईच्या मनात मात्र तेव्हा सिनेमा नव्हता. तिची एकुलती लेक कौशल्या चिखलीला दिलेली, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी यायची होती. बाळंतिणीजवळ सव्वा महिना आई नको? पोरीला शेक द्यायचा, बाळाला न्हाऊ घालायचं, रात्रीबेरात्री उठायचं. सोजराबाईनं धीर करून मालकिणीजवळ शब्द टाकला.

“बाईजी, कौशल्या येऊन राह्यली. मले सव्वा महिना घरी राहा लागन.”

सरस्वतीबाईंच्या हातातलं सूप थांबलं. “सव्वा महिना? आता? वेचणाऱ्या बाया, गाडीवाले, मापाडी, साऱ्याइची जेवणं इथंच. आन मालकाचं तुले माहीत नाही काय? तुया हातची भाकर नसली तं ते ताटावरून उठतात.”

“तुमी थापा ना जी चार दिवस.”

“म्या थापली होती तू मयतीले गेली तवा. मालकानं ते भाकर खिडकीतून बैलासमोर टाकली. बैलानं हुंगली आन मान फिरवली.” हे सांगताना सरस्वतीबाईंचा आवाज अजूनही कापला. “पोरीले सांग, होळीनंतर बाळंत हो म्हणा.”

“ते तिच्या हातात हाय काय जी?”

“मंग माया तरी हातात काय हाय?” असं म्हणून त्यांनी सूप पुन्हा हलवायला घेतलं. विषय संपला. वर म्हणाल्या, “संध्याकाळी सिनेमाले जाय. नवा आला म्हणतात.”

म्हणून सोजराबाई तंबूत गेली. तंबूची रीत अशी, की मधोमध पडदा, पुढच्या बाजूला बाप्ये आणि मागच्या बाजूला बाया. कडूबा तिकडे गेला, सोजराबाई इकडे बसली. आतापर्यंत तिनं या तंबूत देवादिकांचे आणि लढायांचेच सिनेमे पाहिले होते. हा पहिलाच घरातला. सरदाराचा वाडा, समया, पाटरांगोळ्या, आणि येसू नावाची दासी. सोजराबाईला बरं वाटलं. कोणीतरी आपल्यासारखं पडद्यावर भाकरी थापत होतं.

मध्यावर येसूला निरोप येतो, की लेक अडली आहे, आईचा धावा करते आहे. सरदारीणबाई म्हणते, येसू, तू गेलीस तर माझं कसं होणार? आणि ही येसू डोळे पुसून म्हणते, नाही जात, हे पाय हेच माझं सर्वस्व. पुढे ती खोकत खोकत राबते, मालकिणीच्या पायावर डोकं ठेवून मरते, आणि सरदारीणबाई आभाळाकडे पाहून म्हणते की अशी दासी पुन्हा होणे नाही. सगळा तंबू रडला. बांगड्या भरणारी अख्तरी तर हुंदके देऊन रडली. सोजराबाईच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. हा सिनेमा उद्या जसाच्या तसा सांगितला, की सुट्टीच्या नावानं आंघोळच.

दुसऱ्या दिवशी मेथीची जुडी मध्ये घेऊन दोघी बसल्या.

“काय सांगू बाईजी, सरदाराचा वाडा आपल्या गावाएवढा. पण एक गोष्ट लय वंगाळ. त्याइच्या घरी सारे डाव्या हातानं जेवतात.”

“कायच्या गोष्टी करते?”

“डोयानं पायलं जी. सरदार डाव्या हातानं घास घेते, येसू डाव्या हातानं वाढते. भटजीनं आशीर्वाद देला, तोही डावाच.”

सरस्वतीबाईंनी कपाळावर आठी घातली, पण मेथी निवडायला घेतली. गोष्टीत निरोप घेऊन गडी आला तशी त्यांची बोटं थांबली. सोजराबाईनं उडी टाकली.

“सरदारीणबाई ताडकन उठली. म्हणे, येसू, तुई लेक तिकडं तुया नावानं हाका मारून राह्यली, आन तू इथं माये पाय चेपते? लाज नाही वाटत तुले? ऊठ म्हणे. सोता गाडी जुंपाले लावली. खण-नारळ देला, पायलीभर गहू, तुपाची बरणी, डिंक...”

“डिंकही देला?”

“डिंकही देला जी. गोडंबीसुदा.”

सरस्वतीबाईंनी पदर डोळ्याला लावला. “लय मोठ्या मनाची बाई,” त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं, “सरदाराच्या घरी काय, भाकरी थापाले धा जणी असतीन.”

“एकच होती जी.”

“आन बाकीच्या?”

“बाकीच्या नाचणाऱ्या होत्या.”

सरस्वतीबाई विचारात पडल्या. सोजराबाईला वाटलं, आता विरघळतात, आता म्हणतात. पण त्यांचं मन दुसरीकडेच अडकलं होतं. तेवढ्यात कडूबा सरपणाचा भारा टाकायला अंगणात आला, तसं त्यांनी दाराआडून विचारलं, “कडूबा, त्या सिनेमात सरदार कोणत्या हातानं जेवते रे?”

“उजव्या हातानं जी.”

“नीट आठव.”

“नीटच आठवते. बुंदीचे लाडू होते. उजव्या हातानं उचलले.”

“आन शेवटी काय होते?”

“शेवटी मले वहाबनं हालवून उठवलं जी.”

सरस्वतीबाई आत आल्या त्या गंभीर होऊनच. “सोजरे, एक तं तू खोटी, नाहीतं तुया नवरा. कडूबाले खोटं बोलाची अक्कल नाही.”

रात्री ताटावर त्यांनी नवऱ्याला, हिंमतरावांना, विचारलं. हिंमतराव पुढच्या रांगेत खुर्चीवर बसून तोच सिनेमा पाहून आले होते. “उजव्या,” ते म्हणाले. सरस्वतीबाई म्हणाल्या, सोजरा तर डाव्या म्हणते. हिंमतराव म्हणाले, मी देशमुख सांगतो का सोजरा सांगते? सकाळी पुन्हा तेच. दुपारी पुन्हा तेच. माणसानं जेवावं तरी कसं? तिसऱ्या जेवणाला हिंमतरावांनी हात झटकला. “जाय मंग, सोता पाहून ये. पण गाडीतून उतरायचं नाही. पडदा सोडायचा.”

देशमुखांच्या घरची बाई तंबूत जाणार ही बातमी गावभर झाली, आणि सोजराबाई हिशोब करू लागली. डावा-उजवा कोणताही निघो, पण शेवटी येसू मालकिणीच्या पायावर मरणार, आणि डिंकाची तर सिनेमात पुडीसुद्धा नाही. सुट्टी राहिली बाजूला, आता नोकरीवर येणार. आणि कौशल्या तर त्याच दुपारी एस्टीतून उतरली, कमरेवर हात ठेवून, पाय सुजलेले, चेहरा एवढासा. आईला पाहून हसली आणि म्हणाली, “माय, तू घरी राहशीन ना?” सोजराबाई “हाव” म्हणाली आणि तडक तंबूकडे निघाली.

वहाब तंबूबाहेर खाटेवर बसून तुटलेली फिल्म चिकटवत होता.

“वहाब, बापू, आज शेवटचं रीळ दाखवू नोको.”

“काऊन, अम्मा?”

तिनं सगळं सांगितलं. वहाब हसून हसून खाटेवर आडवा झाला. मग उठून म्हणाला, “शेवटचं रीळ काढलं तं पब्लिक माई चमडी काढन. लोक रडाचेच तर पैसे देतात. आन ते डाव्या हाताचं, तुमी बाया पडद्याच्या मागून पायता ना अम्मा, सारं उलटं दिसते. आरशात दिसते तसं.”

“इतक्या वर्सात सांगितलं काऊन नाही बे?”

“कोनी इचारलंच नाही. देवाच्या पिक्चरमंदी कोनी जेवत नाही, आन लढाईत हात कोन पायते?” त्यानं फिल्मचा तुकडा उजेडात धरून पाहिला. “तंबूच्या मालकाले म्याही सुट्टी मांगतली होती, घरी जावाले. म्हणते, तू गेला तं मशीन कोन चालवन? माई ईद याच तंबूत होते, अम्मा. मी काय तुमची सुट्टी काढून देऊ?”

मग वहाबनं तिला चहा पाजला आणि ती घरी आली.

दिवेलागणीला तंबूची मागची कनात वर उचलली आणि देशमुखांची दमणी, छत घातलेली, चारी बाजूंनी हिरवे पडदे सोडलेली छोटी बैलगाडी, बायकांच्या बाजूला आत घेतली. कडूबानं बैल सोडून बाहेर नेले. सगळ्या बाया सरकल्या, पण उठल्या नाहीत. त्यांना सिनेमाहून दमणीचंच कौतुक. पडद्याच्या फटीत सरस्वतीबाईंचा एक डोळा तेवढा दिसत होता. सोजराबाई चाकाला टेकून बसली. बसली म्हणजे काय, चाकाला धरून होती.

सिनेमा लागला. जेवणाची पंगत आली. दमणीतून आवाज आला, “सोजरे, डावाच.”

“उजवा हाय,” पडद्याच्या पलीकडून हिंमतराव म्हणाले.

“डावा,” सरस्वतीबाई म्हणाल्या, आणि तंबूच्या दोन्ही बाजू हसल्या. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “सोजरे, तू खरी बोलली होती. म्या उगाच शंका घेतली तुई. आता तू सांगितलेलं सारं खरं असन.”

सोजराबाईनं डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांनीही तिला कळत होतं कुठवर आलं. गड्याच्या पावलांचा आवाज झाला, निरोप सांगितला, वाजंत्री एकदम थांबली. आणि सरदारीणबाई म्हणाली, “येसू, तू गेलीस तर माझं कसं होणार?”

दमणीत काहीही हललं नाही.

हलली ती अख्तरी. अख्तरी घरोघरी बांगड्या भरायला जाई, देशमुखांच्या घरीसुद्धा, त्यामुळे कोणाच्या घरात काय शिजतं हे तिला शिजायच्या आधी माहीत. हा सिनेमा पाहायची तिची दुसरी वेळ, तरी रुमाल ओला झालाच होता. तिनं नाक पुसलं आणि शेजारणीला सांगावं तसं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “हे तं अल्ला, आपल्या सोजराबाईचंच झालं. सोजराबाई, कौशल्या आली म्हणे आज?”

“आली.”

“मंग सुट्टी भेटली का?”

सोजराबाईनं पदर पुढे ओढला. बायांना तेवढं पुरलं. कोणीतरी चुकचुक केलं, मग दुसरीनं केलं, आणि एकेक करत सगळ्या बाया सिनेमाकडे पाठ करून दमणीकडे तोंड करून बसल्या. पडद्यावर येसू खोकत होती, जीव तोडून खोकत होती, पण तिच्याकडे पाहायला इकडच्या बाजूला एक माणूस नव्हतं. हिरव्या पडद्याची फट पटकन मिटली. आतून बांगड्या वाजल्या.

“अख्तरी, इकडं काय पाहून राह्यली? सिनेमा तिकडं हाय.”

“सिनेमाच पाहून राह्यली बाईजी. दोन्हीकडं एकच हाय.”

एक म्हातारी फक्त हसली, बाकी कोणी नाही. येसू मालकिणीच्या पायाशी पोचली. सोजराबाईला वाटलं, आता जमीन दुभंगावी आणि आपल्यासकट हे चाक आत जावं. नोकरी गेलीच. कडूबाची पण जाईल. कौशल्याला काय तोंड दाखवू?

तेवढ्यात दमणीचा पडदा बाजूला झाला. पुरता. सरस्वतीबाई पदर सावरून अर्ध्या बाहेर आल्या. देशमुखांच्या सुनेचा चेहरा गावातल्या निम्म्या बायांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. गोल होता, घामेजलेला होता, आणि नाकाचा शेंडा लाल झाला होता.

“आमची सोजरा उद्यापासून घरी राहीन,” त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण येसू नेमकी तेव्हाच मेली होती, त्यामुळे तंबूत चिडीचूप होतं. “सव्वा महिना. डिंक, तूप आन गोडंबी माया घरून जाईन. त्या सिनेमातल्या बाईसारखी नाही मी.”

पलीकडे खुर्ची करकरली. “आन भाकर?” हिंमतरावांच्या तोंडून निघून गेलं.

“भाकर मी करीन.”

यावर हिंमतराव काही बोलले असते, पण आजूबाजूचे बाप्ये त्यांच्याकडे वळून पाहू लागले होते, आणि सरदारीणबाई तेवढ्यात म्हणाली की अशी दासी पुन्हा होणे नाही. त्याला कोणीच रडलं नाही. वहाबनं मशीन बंद केलं, दिवे लावले आणि नुसता पाहत उभा राहिला. पहिल्यांदाच त्याचा शेवट फुकट गेला होता.

घरी जाताना दमणीमागून सोजराबाई चालत होती. कडूबा पुढे बैलांशी बोलत होता. बऱ्याच वेळानं पडद्यातून आवाज आला, “सोजरे.”

“जी.”

“तुया सिनेमात ते गाडी जुंपाले लावते. यात कुठं लावली?”

बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती.

“डिंकही नव्हता.”

“नव्हता जी.”

“हं,” सरस्वतीबाई म्हणाल्या. थोडी वाट गेली. “सिनेमावाल्याइले काही समजत नाही. बाप्यानंच काढला असन. पोरगी अडली आन माय पाय चेपत बसन काय? तुयाच बरा होता.” आणि आणखी थोडी वाट गेल्यावर, जरा दबून, “मंग तुया सिनेमातल्या बाईले भाकर येत होती काय थापता?”

“पयल्या दिवशी नाही आली जी,” सोजराबाई म्हणाली. “मंग आली.”

“किती दिवसानं?”

“ते रीळ म्या नीट पायलं नाही जी.”

कौशल्याला तिसऱ्या दिवशी पहाटे मुलगी झाली. सोजराबाईच्या पसरलेल्या पायांवर एवढीशी आडवी, तेलानं चकचकीत, मुठी आवळलेली, जगाशी भांडायलाच आल्यासारखी. डोकं हाताच्या तळव्यात मावत होतं. सोजराबाईनं तिला पोटावर निजवलं, उताणं केलं, नाकाला चिमटीनं आकार दिला, कोमट पाणी घातलं, धुरी दिली, आणि ती रडून रडून थकली तशी पायांवरच झोपली. खाटेवर कौशल्या डिंकाचा लाडू कुरतडत पडली होती.

दुपारी कडूबा देशमुखांकडून जेवून आला आणि दाराशी उकिडवा बसला.

“मालक जेवले काय हो?” सोजराबाईनं हळूच विचारलं.

“जेवले.”

“भाकर कोणी केली?”

“बाईजीनं.”

“कशी होती?”

कडूबानं बराच विचार केला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. “गोल नव्हती,” तो म्हणाला.

“मालक काही बोलले?”

“नाही. बाईजी समोर बसल्या होत्या, पंखा घेऊन. मालक घास घेये आन पाणी पेये. घास घेये आन पाणी पेये. तांब्या सरला तं दुसरा मांगतला. मंग बाईजीनं इचारलं, अजून एक वाढू काय? तं मालक म्हणे,” इथं कडूबा थांबला, “मालक म्हणे, अर्धी.”

कौशल्याला हसू आलं आणि कळ आली म्हणून तिनं पोट धरलं. सोजराबाईनं तोंडात पदराचा बोळा कोंबला. पण हसू पोटात मावेना, मांड्या हलू लागल्या, आणि पायांवरची नात चुळबुळली, ओठ काढले, आता रडते की मग रडते असं झालं. सोजराबाईनं श्वास धरला. पाय हळूच डोलवले. “नाही नाही माय, नीज,” ती म्हणाली, “कोणी नाही हसलं,” आणि तिच्या इवल्याशा छातीवर हात ठेवून, थोपटत, ती पुन्हा गाढ झोपेपर्यंत तशीच बसून राहिली.